घरच्या उत्पन्नाचा ताळा
(धुळें जिल्ह्यांतील एका गांवीं चावडीसमोर केलेलें भाषण)



उत्पन्नाची पाहणी करणारा माणूस दारीं आला, कीं आपण दोन प्रकारें चुकतों. कर बसेल या भयानें कमी सांगतों, किंवा वही नसल्यामुळें आठवेल तें सांगतों. पण लिहिणाराही चुकतो. आम्हींच चुकलों, तें ऐका.

गांवची पाहणी करतांना एका घराचें वर्षाचें उत्पन्न आम्हीं ८४,००० रुपये लिहिलें. १२ क्विंटल कापूस, भाव ७,०००. गुणाकार बरोबर, उत्तर मात्र खोटें! बियाणें, खत, फवारणी, वेचणी यांत ५०,००० गेले होते. उरले ३४,०००. आणि घरखर्च तर १,२०,००० भरला. मग हें घर जगलें कशावर?

पुन्हा त्यांच्या ओट्यावर गेलों. या खेपेस घरच्या माउलीला विचारलें. तिची निंदणी-वेचणीची मजुरी ३०,०००. खर्च वजा जातां दुधाचे २०,०००. सुरतेहून मुलानें धाडलेले २४,०००. घरींच खाल्लेली बाजरी ६,००० ची. बेरीज झाली १,१४,०००. राहिले ६,०००, ते उसने घेतलेले. उसनवारी म्हणजे उत्पन्न नव्हे. ताळा जुळला.

ही एका घराची गोष्ट नव्हे. २०१८-१९ च्या सरकारी पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालें. त्यांत पिकाचे ३,७९८, तर मजुरीचे ४,०६३! जो नुसतें पीक विचारील, त्याला अर्ध्याहून अधिक उत्पन्न दिसणारच नाहीं. त्या पाहणीवाले एकाच घरीं दोनदां गेले, कारण मागला हंगाम माणूस विसरतो.

म्हणून लिहिणारांस आमचें सांगणें : जमेचा खर्चाशीं ताळा घ्या. महिन्याचा आंकडा वर्षाच्या रकान्यांत पडला काय, एक शून्य अधिक झालें काय, तें पाहा. मात्र संशय आला म्हणून बसल्या जागीं आंकडा बदलूं नका. पुन्हा त्या घरीं जा, विचारा, आणि जुना आंकडा वाचतां येईल असा खोडून नवा लिहा.

आणि तुम्हांस विनंती : पाहणीचा कागद कर बसविण्यासाठीं नसतो. सर्व देशाच्या उत्पन्न-पाहणीसाठीं २०२५ सालीं सरकारनें तज्ञांची समिती नेमली. अशा आंकड्यांवरूनच योजना आंखतात. विक्री हेंच उत्पन्न लिहिलें गेलें, तर कर्जांत बुडालेला सधन ठरेल. बाईची मजुरी गाळली, तर तिचे कष्ट कागदावर उरणार नाहींत.

तेव्हां एक वही करा. दर बाजारच्या दिवशीं शिकत्या मुलीकडून किंवा मुलाकडून जमाखर्च लिहून घ्या. आपला हिशेब आपल्या घरांत असला, म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवितां येते.