अदबीची शिकवणी

आपल्या शहरात क्लासेसच्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. नीट, जेईई, एमपीएससीच्या पाट्यांच्या दाटीत एक पाटी हमखास दिसते : 'व्यक्तिमत्त्व विकास'. आत काय शिकवतात, याची मी एकदा चौकशी केली. हात कसा मिळवायचा, नजर कुठे ठेवायची, टाय कसा बांधायचा. मुलाखतीत 'तुमच्यातला दोष सांगा' म्हणाले तर दोषाच्या नावाखाली स्वतःचा गुण कसा सांगायचा. ही शेवटची गोष्ट सोडली तर माझी काही हरकत नाही. खेड्यातून आलेल्या पोराला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटते, हे खरं आहे. ती भीती घालवणारा फी घेतो म्हणून काही वाईट ठरत नाही. एवढंच की, ही शिकवणी या गावात पूर्वी फुकट मिळायची. तिला अदब म्हणत.

अदब हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो अरबीतला आहे, हे लक्षातही येत नाही. अदबीनं म्हटलं की हात बांधून, मान खाली घालून उभा असलेला कोणी तरी आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण उर्दूत अदब म्हणजे रीतभात आणि अदब म्हणजेच साहित्य. लिहिणारा तो अदीब. तहजीब या शब्दाच्या मुळाशी झाडाची छाटणी आहे. आणि मुर्वत! आपण तो शब्द वापरतो तो 'भीडमुर्वत न ठेवता' एवढ्यापुरता, म्हणजे मुर्वत नाही हे सांगायला. मूळ अरबीत मुरुव्वा म्हणजे शब्दशः पुरुषपण. इस्लामच्याही आधीपासून अरबांमध्ये जो हात आखडत नाही, संकटात डगमगत नाही आणि पाहुण्याचा मान राखतो, त्याच्या अंगी मुरुव्वा आहे असं म्हणत. मर्दपणाचा अर्थ दुसऱ्याची कदर असा होता. मिशांना पीळ देत बुलेटचा आवाज काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

या गावाला अदबीचा वारसा मोठा. वली औरंगाबादी १७०० साली दिल्लीला गेला आणि फारसीच्या तोऱ्यात असलेल्या तिथल्या शायरांना कळलं की, आपल्या बोलीतही गझल होते. विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं काम कित्येक वर्षं इथंच बसून केलं. वैजापूरचे सिकंदर अली वज्द न्यायाधीश होते, शायर होते, पुढे राज्यसभेत गेले. अजिंठ्यावरची त्यांची कविता प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शेरवानी हाच विद्यार्थ्यांचा पोशाख होता, हिंदूंचाही आणि मुसलमानांचाही. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत भिंतीवरचे आजोबा पाहा. आडनाव देशपांडे असेल, पण अंगात शेरवानी आणि गळ्यापर्यंत गुंड्या बंद. सेतुमाधवराव पगडींसारख्या माणसानं गालिब मराठी वाचकाला समजावून सांगितला, तो याच वातावरणातून आला म्हणून. निजामाची राजवट चांगली होती असं मी म्हणत नाही. रझाकारांचे दिवस ज्यांनी काढले, त्यांच्यापुढे तसं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. राजवट गेली ते बरंच झालं. रीत मात्र काही घरांत मागे राहिली, आणि तशा एका घरात मला १९८८ साली भाड्यानं खोली मिळाली.

मी पैठण तालुक्यातल्या खेड्यातला. वडील पिंजारी, गावोगाव हिंडून गाद्या भरायचे. शिक्षण मराठीतून, घरात दखनी. आमची दखनी म्हणजे 'हौ' आणि 'नक्को'ची. त्यातला 'नक्को' तर सरळ मराठीतून उचललेला. शहरातल्या उर्दू बोलणाऱ्यांपुढे ती काढायची चोरी, आणि कॉलेजातल्या मराठी बोलणाऱ्यांपुढे माझं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मराठी एवढी चांगली कशी?" असा दोन्हीकडून मुका झालेला मी बीएला दाखल झालो.

शहागंजातले घरमालक कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यात उभा राहून भाड्याचं विचारू लागलो, तर म्हणाले, "मियाँ, दरवाजे में खड़े होकर बात नहीं करते. या अंदर, या बाहर." तो पहिला धडा. मग रोज काही ना काही. आपलं नाव सांगितल्याशिवाय दुसऱ्याचं विचारायचं नाही. वडीलधारा बसल्याशिवाय बसायचं नाही. पाण्याचा ग्लास नुसता पुढे करायचा नाही, ताटलीत ठेवून द्यायचा, आणि पिणाऱ्याचं पिऊन होईपर्यंत समोर थांबायचं. कोणाचं बोलणं तोडायची वेळच आली, तर आधी 'कत-ए-कलाम मुआफ' म्हणायचं, म्हणजे आपण बोलणं तोडतो आहोत हे आपल्याला माहीत आहे, एवढं तरी त्याला कळतं. (टीव्हीवरच्या चर्चेत हा नियम लागू केला तर कार्यक्रम तिथंच संपेल.) पाहुण्याला निरोप द्यायचा तो खुर्चीतून नाही, दारापर्यंत जायचं, जमलं तर गल्लीच्या तोंडापर्यंत. दुसऱ्याचं घर ते दौलतखाना, आपलं ते गरीबखाना. माझ्या खोलीला गरीबखाना म्हणताना मला नम्र व्हावं लागत नसे, ती होतीच तशी.

हे सगळं मला आधी नाटकी वाटायचं. मग दोनेक महिन्यांनी ध्यानात आलं की, अनोळखी माणसापुढे माझे हात थरथरत नाहीत. भित्र्या माणसाची मुख्य अडचण ही की, हातांचं काय करावं आणि पहिलं वाक्य कुठून आणावं, हे त्याला कळत नाही. रीत या दोन्ही गोष्टी तयार देते. उजवा हात कपाळाकडे न्यायचा, किंचित झुकायचं, 'आदाब' म्हणायचं. तेवढ्या अवधीत श्वास जागेवर येतो. अंधाऱ्या जिन्याला कठडा असतो, तसं आहे हे. शिवाय पाणी नीट दिलं गेलं की नाही, पाहुण्याला ऊन लागतंय की नाही, हे बघण्यात आपण गुंतलो की, आपण कसे दिसतो हे बघायला वेळच राहत नाही. माझ्या मते आत्मविश्वासाचं निम्मं रहस्य यातच आहे.

आणि हे काही उर्दूवाल्यांचंच नाही. समर्थ रामदास जांबचे. ते गाव आज जालना जिल्ह्यात आहे, १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात 'उत्तमलक्षण' नावाचा समास आहे, तो काढून वाचा. वाट विचारल्याशिवाय जाऊ नका, ओळखल्याशिवाय फळ खाऊ नका, इथून सुरुवात. सभेत लाजू नये आणि बाष्कळ बडबडूही नये, हे त्यांनी एकाच दमात सांगितलंय. फीची पावती तेवढी नाही.

मला खरी हिंमत दिली ती मुशायऱ्यानं. बशर नवाज यांना मी या शहराच्या बैठकांमध्ये ऐकलेलं आहे. 'बाजार' चित्रपटातलं त्यांचं गाणं सगळ्या देशाला माहीत आहे, इथं ते आपल्या गावचे बुजुर्ग होते. मुशायऱ्याची शिस्त पाहण्यासारखी असते. नवखा आधी वाचतो, सर्वांत ज्येष्ठ शेवटी. सदरांची गझल झाली की त्यानंतर कोणी वाचत नाही, आणि ती होईपर्यंत कोणी उठत नाही. दाद मिळाली की शायर हात उचलून आदाब करतो. श्रोत्यांनाही काम असतं. शायरानं पहिली ओळ म्हटली की ती उचलायची, म्हणजे त्याच्यामागून पुन्हा म्हणायची. मग त्याला दुसरी ओळ टाकायला जोर येतो.

१९९० साली अशाच एका मुशायऱ्यात मी पहिल्यांदा माझी मराठी गझल वाचली. 'सदर-ए-मोहतरम की इजाजत से' हे पहिलं वाक्य तयारच होतं, म्हणून तोंड उघडलं. ओळ म्हटली आणि सभेत शांतता. मराठीची ओळ उचलणार कोण? तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या दाढीच्या शायरांनी ती उचलली. उर्दूत 'ळ' नाही. माझ्या ओळीतल्या आभाळाचं त्यांनी 'आभाल' केलं. कोणी हसलं नाही. मागून आणखी चार जण 'आभाल' म्हणाले. इतकं प्रेमानं माझं मराठी नंतर कोणी बिघडवलेलं नाही.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर हे सगळं अत्तराच्या दुकानासारखं होईल. शरीफ या शब्दाचा मूळ अर्थ सज्जन असा नाही, उच्च कुळातला असा आहे. मुसलमानांतही अशराफ आणि अजलाफ अशी वाटणी चालत आली, आणि पिंजारी कोणत्या बाजूला पडतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मराठीतले 'कुलीन', 'घरंदाज' हे शब्दही तेच काम करतात. 'आप' म्हणायची सवय ज्यांच्या जिभेला होती, त्यांच्याच जिभेवर नोकरासाठी 'अबे' होतं. चाचांनी मला पहिल्या आठवड्यातच खानदान विचारलं होतं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "अच्छा. चाय पियो." आणि शिकवणी सुरू झाली. मला शिकवलं, हा त्यांचा मोठेपणा. पण क्षणभर थांबले होते, हेही मी विसरलेलो नाही.

मिलिंद महाविद्यालयातला माझा एक मित्र होता. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं, त्याचंच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. परिसराचं नाव नागसेनवन. आमच्या शिक्षणाचा काळ म्हणजे नामांतराच्या प्रश्नानं धुमसणारा काळ, नामविस्तार व्हायला १९९४ उजाडायचं होतं. मित्राकडे एकच पांढरा शर्ट होता. तांब्यात निखारे घालून तो रोज रात्री त्याला इस्त्री करायचा. मी थट्टा केली, तर म्हणाला, "तुमच्या शेरवानीला शोभा म्हणतात. आमच्या इस्त्रीला माज म्हणतात." १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की, जात ओळखू येईल अशी लुगडं नेसायची आणि दागिने घालायची तऱ्हा सोडा. त्या सांगण्याचा आणि या शर्टाचा संबंध मला त्या दिवशी लागला.

एकदा त्याला घेऊन मी चाचांकडे गेलो. चाचा उठून उभे राहिले, बसवलं, नाव-गाव विचारलं. चहा आला तो आम्हाला कपबशीत, त्याला काचेच्या ग्लासात. मित्रानं ग्लास उजव्या हातानं घेतला, 'शुक्रिया' म्हणाला, सावकाश चहा प्यायला, चाचांशी त्यांच्या तब्येतीचं बोलला आणि त्यांच्या परवानगीनं उठला. रीतीत कुठं बोट ठेवायला जागा नाही. चाचा त्या दिवशी दारापर्यंत आले नाहीत. दुसऱ्या वेळी गेलो, तेव्हा चाचा स्वतः आत जाऊन ट्रे घेऊन आले. तिन्ही कप सारखे होते. त्यावर कोणी काही बोललं नाही. तिसऱ्यांदा मी बोलावलं, तर मित्र म्हणाला, "मला अभ्यास आहे." तो पुन्हा आला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

त्याच्या कॉलेजचं नाव ज्यावरून पडलं, त्या 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला म्हणतो, माझ्याशी वाद करा. नागसेन विचारतो, पंडितांसारखा करणार असाल तर करतो, राजांसारखा करणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो, पंडित चूक दाखवली तरी चिडत नाहीत. राजाला जो पटत नाही, त्याला राजा शिक्षा करतो. मिलिंदानं पंडितांची रीत पत्करली आणि संवाद सुरू झाला. दोन हजार वर्षं जुन्या या अदबीत शेरवानी नाही, कुळाची चौकशी नाही. मित्रानं मला हा प्रसंग सांगितला तो नागसेनवनातल्या झाडाखाली, आणि माझी शिकवणी त्या दिवशी खऱ्या अर्थानं पुरी झाली असं मी समजतो.

हल्ली आम्ही काही जण दर महिन्याला एक छोटी बैठक घेतो, मराठी-उर्दू मिळून. परवा एक पोरगा आला, जेवणाची पार्सलं पोचवणारा. अंगात कंपनीचा टी-शर्ट. दारातच म्हणाला, "सर, शर्ट बदलून येऊ का?" मी त्याला आत घेतलं. नवखा म्हणून त्याला पहिल्यांदा वाचायला लावलं. पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं, ते तेवढं कानात सांगितलं होतं. त्यानं दोन कविता वाचल्या, बऱ्या होत्या. मग तो मागं जाऊन बसला. खिशात मोबाईल थरथरत होता, ऑर्डरी दुसऱ्याला जात होत्या, त्या दोन तासांचे त्याचे पैसे बुडत होते. सदर ऐंशीच्या घरातले, त्यांच्या गझला लांब. त्या संपेपर्यंत तो हलला नाही. निघताना त्यानं सदरांना आदाब केला. सदर काठी टेकत उठले आणि त्याला सोडायला दारापर्यंत गेले.