लिटोरिनिडी : कातळावरच्या गोगलगायींचे कूळ

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या कातळी किनाऱ्यावर गेलात, तर भरतीचे पाणी जेमतेम पोचते तिथे फटीफटींतून करड्या, वाटाण्याएवढ्या गोगलगायींचे पुंजके दिसतील. लिटोरिनिडी हे त्यांचे कूळ. जगभरात त्याच्या सुमारे २०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अशाच, समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवर राहतात.

उन्हाळ्यात भर दुपारी हा कातळ हात टेकवत नाही इतका तापतो. अशा वेळी या कुळातली इथली गोगलगाय, एकायनोलिटोरिना, काय करते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ती पाय आत ओढून घेते, झाकण लावते आणि शंखाची कड चिकट स्रावाच्या पातळ थराने दगडाला डकवून ठेवते. मग तापल्या दगडाला टेकलेली असते ती केवळ कड. शरीराचे व्यवहारही ती अगदी मंद करते. पाण्याचा शिंतोडा आला की पाय पुन्हा बाहेर येतो आणि दातांच्या लांबलचक पट्टीने, कानशीने घासावे तसे, दगडावरचे शेवाळ खरवडणे सुरू होते.

आता वर्गीकरणाकडे वळू. या कुळात शंखावर विसंबणाऱ्यांची वारंवार फसगत झाली आहे. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरची लिटोरिना सॅक्सॅटिलिस घ्या. ओलिव्हीने १७९२ साली तिचे वर्णन केले. त्यानंतर या एकाच जातीला निरनिराळ्या अभ्यासकांनी मिळून ११३ नावे दिली! अभ्यासक निष्काळजी होते असे मला वाटत नाही. शंख खरोखरच इतके वेगळे दिसतात, आणि त्याचे कारण तिच्या प्रजननात आहे.

तिची बहीण लिटोरिना लिटोरिया अंडी पाण्यात सोडते. अळ्या काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात, त्यामुळे दूरदूरच्या गोगलगायींची सरमिसळ होत राहते. सॅक्सॅटिलिसची मादी मात्र पिल्ले पोटातच वाढवते आणि ती थेट इवल्याशा गोगलगायी होऊन आईच्याच दगडावर उतरतात. साहजिकच प्रत्येक खडकाची वस्ती आपापल्या संकटांनुसार घडत जाते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर खेकडे असतात तिथे ती मोठी, जाड शंखाची आणि अरुंद तोंडाची असते. लाटांच्या माऱ्यातल्या खडकांवर ती लहान, पातळ शंखाची आणि रुंद तोंडाची असते, कारण तिथे घट्ट धरायला मोठा पाय लागतो.

तिथेच १९८८ साली विषारी शैवालाच्या लोंढ्याने लहान खडकांवरच्या गोगलगायी मेल्या. १९९२ मध्ये संशोधक केर्स्टिन योहानेसन यांनी लाटांच्या माऱ्यातल्या अशा एका ओस खडकावर खेकड्यांच्या वस्तीतल्या गोगलगायी नेऊन सोडल्या. तीस वर्षांत त्यांच्या वंशजांचे शंख लाटांतल्या गोगलगायींसारखे झाले. २०२४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि उत्क्रांती माणसाच्या हयातीत, एका खडकावर मोजता येते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला तरी क्वचितच भेटला आहे.

एका जातीला अनेक नावे मिळण्याच्या उलट घोटाळाही या कुळात आहे. लिटोरिना आर्काना हुबेहूब सॅक्सॅटिलिससारखी दिसते, पण अंडी घालते. मादीचे विच्छेदन केल्याशिवाय हा फरक कळत नाही, म्हणून १९७८ पर्यंत तिला स्वतंत्र नाव नव्हते. खारफुटीत राहणाऱ्या, याच कुळातल्या लिटोरारिया गोगलगायींचेही तसेच झाले. अभ्यासक डेव्हिड रीड यांनी १९८६ मध्ये नरांची जननेंद्रिये तपासून, एकाच नावाखाली दडपलेल्या कितीतरी जाती वेगळ्या काढल्या.

आपल्या खाड्यांतल्या तिवरांवर लिटोरारिया आहेत. तुमच्यापैकी कोणी त्यांचा अभ्यास करणार असेल, तर नुसते रिकामे शंख गोळा करू नका. प्राणी अल्कोहोलमध्ये जपा, आणि तो पानावर होता की खोडावर, भरतीच्या रेषेपासून किती उंचीवर होता, हे जागेवरच वहीत लिहा.