पाहुणा बोर्ड

संगणकाला पेनड्राइव्ह लावला की तो आपलं नाव-गाव आपणच सांगतो. पण रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकावर तापमान मोजणारा जोड-बोर्ड बसवला, तर त्यावरचे बरेचसे भाग मुके असतात. कोणत्या तारेवर कोण बसलंय, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, लिहून द्यावं लागतं. या वर्णनाला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. मला कवीला ती वंशावळच वाटते!

रास्पबेरी पायवाल्यांनी २०१४ साली जोड-बोर्डावरच ओळख सांगणारी छोटी चिप ठेवायची पद्धत आणली. पण ती वाचली जाते यंत्र सुरू होताना.

शिवाय जोड-बोर्डाच्या वर्णनात मुख्य बोर्डाच्या तारांची नावं आली, की ५ मुख्य आणि २० जोड-बोर्डांसाठी १०० वर्णनं लिहा. त्यापेक्षा मधल्या कनेक्टरचंच वर्णन करावं. पाहुण्यानं फक्त ‘सातवी पिन द्या’ म्हणावं. ती आत कुठे जाते, ते घरमालक जाणे. मग २५ वर्णनांत भागतं. हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

खरी पंचाईत चालू यंत्रातून बोर्ड काढताना. ड्रायव्हर त्याच्या नोंदी धरून बसलेले असतात. त्यांनी त्या सोडण्याआधीच नोंद पुसली, तर यंत्र कोसळू शकतं. आणि उपटणारा कुठे विचारून उपटतो? म्हणून पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडणीत ‘बोर्ड आहे’ हे सांगणारी पिन आखूड ठेवतात. बोर्ड ओढताच आधी तीच सुटते, आणि कर्नलला निमिषभर आधी कळतं, की पाहुणा निघाला.