ठोक्याच्या अलीकडे

गाण्याच्या ठेक्याला धरून चित्रांचे तुकडे जोडण्याच्या आणि त्यांना सॉफ्टवेअरमधून गती देण्याच्या ज्या कलेला तरुण संकलक नुसते ‘एडिट’ म्हणतात, ती संकलकांच्या संमेलनात अध्यक्षीय भाषणाचा विषय व्हावी हे सर्वथा योग्य आहे. कारण ती फोनवरच्या करमणुकीपुरती समजली जात असली, तरी तिला लागणारा कान तबलजीच्या कानासारखाच कसलेला असावा लागतो. ठोका पडला की चित्र बदलायचे, एवढे नवशिक्याला कोणीही सांगते. ठोक्याच्या अलीकडे काय घडायला हवे आणि कोणता ठोका मोकळा सोडायला हवा, हे मात्र शिकवायचे राहून जाते.

ही कला संगणकाहून जुनी आहे. जर्मनीत ओस्कार फिशिंगर यांनी 1929 पासूनच्या काही वर्षांत ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील संगीताशी जुळणाऱ्या अमूर्त आकृत्यांचे चित्रपट केले, तर कॅनडात नॉर्मन मॅक्लॅरेन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांनी 1949 मध्ये ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझ संगीतावर थेट फिल्मच्या पट्टीवर रंग चढवून आणि ओरखडे काढून एक लघुपट घडवला. ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर जानेवारी 1993 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातील एका छोट्या कंपनीने आणले आणि पुढच्याच वर्षी ते अडोबीकडे गेले. आज अलाइट मोशनसारख्या ॲपमुळे कीफ्रेम, म्हणजे गतीचा आरंभ आणि शेवट नोंदवणारी खूण, फोनवरही लावता येते.

संगीत अखंड वाहते आणि चित्र मात्र फ्रेमच्या पायऱ्यांनी चढते, ही या कलेतली मूळ अडचण आहे. मिनिटाला 120 ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर 12 फ्रेम. पण गाणे 128 ठोक्यांचे असेल, तर हेच अंतर 11.25 फ्रेम होते आणि पाव फ्रेमवर कीफ्रेम बसत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर 11 फ्रेम मोजत जाणाऱ्या संकलकाचे चित्र सोळाव्या अंतराअखेर चार फ्रेमने, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाने, गाण्याच्या पुढे निघून जाते, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी निसटल्याचे जाणवते. उपाय असा, की मोजणी मागच्या ठोक्यापासून न करता गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून करावी: खुणा 0, 11, 22, 34 आणि 45 या फ्रेमवर येतात, आणि चार ठोक्यांच्या बरोबर 45 फ्रेम होत असल्यामुळे साठलेला फरक दर चौथ्या ठोक्याला आपोआप मिटतो.

मोजणी साधली तरी गती साधतेच असे नाही. सॉफ्टवेअरमधील ‘ईझी ईझ’ या सोयीने वस्तू सावकाश निघते, मध्यावर सर्वाधिक वेग घेते आणि सावकाश थांबते. त्यामुळे 12 फ्रेमच्या हालचालीची पहिली कीफ्रेम ठोक्यावर ठेवली, तर डोळ्याला भावणारा वेगाचा कळस सहा फ्रेम उशिरा येतो. हालचाल ठोक्याच्या सहा फ्रेम अलीकडे सुरू करावी आणि वेगवक्राचे, म्हणजे वेळेनुसार वेग दाखवणाऱ्या रेषेचे, शिखर नेमके ठोक्यावर आणावे, हे या कलेतले सगळ्यांत मोलाचे ज्ञान आहे. तिथेच चित्र कापायचे असेल, तर पहिला तुकडा वेग घेत बाहेर जातो, दुसरा त्याच दिशेने आणि त्याच वेगाने आत येऊन मंदावतो, आणि मोशन ब्लर, म्हणजे वेगामुळे येणारी पुसटता, दोहोंमधला सांधा झाकून टाकते. शटर अँगल, म्हणजे फ्रेमचा किती भाग शटर उघडे राहते याचे माप, 180 अंश ठेवल्यास ही पुसटता अर्ध्या फ्रेमइतक्या काळाची असते, म्हणजे 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर सेकंदाच्या 48व्या भागाची.

मराठी संकलकाजवळ इथे एक मोठी शिदोरी आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा सारख्या अंतरावर असल्या तरी सारख्या वजनाच्या नसतात. सम ही आवर्तनाची पहिली मात्रा, तर नवव्या मात्रेपासून खालीचा भाग येतो, आणि त्यात डग्ग्याची घुमक काही काळ थांबते म्हणूनच पुढे समेवर येणारा ‘धा’ भरदार वाटतो. सोळा ठोक्यांवर सोळा वेळा चित्र बदलणारे एडिट हे सगळ्या मात्रा समेच्या जोराने वाजवणाऱ्या तबल्यासारखे कंटाळवाणे होते. खालीच्या जागी एकच तुकडा लांबू द्यावा, चेहऱ्यावर थांबावे, आणि समेआधी तिहाईप्रमाणे तीच हालचाल तीनदा घेऊन तिसरीचा शेवट समेवर टाकावा. ज्याने मैफलीत हाताने ताल धरला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

ठोके शोधण्यासाठी ‘आफ्टर इफेक्ट्स’मधील ‘कन्व्हर्ट ऑडिओ टू कीफ्रेम्स’ या आज्ञेवर अनेक जण विसंबतात. ती आज्ञा आवाजाची तीव्रता फ्रेमगणिक आकड्यांत उतरवते आणि ते आकडे एखाद्या आकृतीच्या आकाराला जोडता येतात. परंतु ती ठोका ओळखत नाही, त्यामुळे गायिकेने लांबवलेला सूर आणि ढोलाचा घाव यांत तिला फक्त आकड्यांचा फरक दिसतो. गाणे ऐकत हाताने मार्कर टाकणे अधिक भरवशाचे आहे, मात्र बोट किंचित मागेपुढे पडते, म्हणून ध्वनीची लहर उघडून प्रत्येक मार्कर तिच्या उभ्या कड्याशी नेऊन बसवावा लागतो.

ठोक्यागणिक पडदा लखलखवण्याच्या हौसेला आवर घालणे हे तर कर्तव्यच आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर 600 हून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. सेकंदाला तीनहून अधिक लखलखाट नसावेत अशी मर्यादा आता सर्वमान्य आहे, आणि 128 ठोक्यांच्या गाण्यात अर्ध्या ठोक्याला एक लखलखाट टाकला, तरी ती ओलांडली जाते.

प्रशिक्षण वर्गांसाठी म्हणून एक साधी परीक्षा येथे सुचवावीशी वाटते. पूर्ण झालेले एडिट आवाज बंद करून अशा व्यक्तीला दाखवावे, जिने ते गाणे ऐकलेले नाही, आणि तिला चित्राकडे पाहत टाळी धरायला सांगावे. टाळी जिथे अडखळेल, त्या फ्रेमचा आकडा वहीत टिपून घ्यावा आणि दुरुस्ती तिथून सुरू करावी.