कायदा दिल्लीत, धोरण टेबलावर

(कोरपना येथे वनहक्क समित्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी बारावीपर्यंत शिकलो. शाळेत आम्हाला सांगितलं की लोकांची अडचण सरकारला कळते, सभागृहात चर्चा होते, कायदा होतो, नियम निघतात आणि अधिकारी ते राबवतात. टाकीतलं पाणी नळाला यावं तसं. आपल्या गुड्यावर टाकीही आहे, नळही आहे. पाणी किती येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

वनहक्क कायदाच घ्या. २००६ च्या डिसेंबरात संसदेने तो मंजूर केला, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं सरकारने त्यात सुरुवातीलाच कबूल केलं आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो, त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क. दावा घ्यायचा ग्रामसभेने, तपासायचा वनहक्क समितीने. पुरावे नियम १३ मध्ये दिले आहेत. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घर, बांध, विहीर, देवस्थान, मसणवट, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. यातले एकाहून जास्त पुरावे पाहायचे. कागदावर कायदा चांगला आहे, आपण तसं म्हटलं पाहिजे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. बाबांनी दावा भरला. दोन म्हाताऱ्यांचे जबाब, रेशनकार्ड, आज्याने घातलेल्या बांधाची मोका पाहणी, सगळं जोडलं. ग्रामसभेने ठराव केला. फाईल वर गेली. दोन वर्षांनी एका ऑफिसात बाबांना विचारलं, "जबरानजोतीच्या दंडाची पावती कुठे आहे?" नाही म्हटलं तं उत्तर आलं, "मग होत नाही." बस. कागद नाही, सही नाही. बाबा घरी आले अन् न जेवता झोपले.

आमच्या आज्याला नाकेदार दरवर्षी पकडायचा. पण तो पावती फाडत नव्हता, कोंबडा न्यायचा. ज्याचा दंड घेतला त्याच्याकडे पावती आहे. ज्याचा कोंबडा नेला त्याने पुरावा म्हणून काय दाखवावं? पिसं?

त्या टेबलावरच्या माणसाने कायदा बदलला नाही. नियमातले बाकीचे पुरावे बाजूला ठेवले अन् एकच कागद मागितला. आमच्या घरासाठी तेच सरकारचं धोरण झालं. तो माणूस दुष्ट होता असंही मी म्हणत नाही. म्हाताऱ्याचा जबाब मानला तं उद्या त्याची चौकशी होईल, ही त्याला भीती. शिक्क्याचा कागद मागितला तं कोणी विचारणार नाही. दावा नाकारला म्हणून कोणाची नोकरी जात नाही. म्हणून नाही म्हणणं त्याला सोपं जातं.

मग हे खालून बदलता येतं का? येतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी गावाला बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. परवान्याचं पुस्तक वनविभागाच्या कपाटात. गाव मागे हटलं नाही, लिहीत राहिलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियम दुरुस्त झाले. परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल, असं त्यात आलं. एका गावाने जे भांडून मिळवलं, ते देशाचा नियम झालं.

त्याच दुरुस्तीत आपल्या कामाचं कलम आहे. नियम १२-अ. कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरायचा नाही. केवळ दंडाची पावती नाही म्हणून दावा नाकारायचा नाही. नाकारायचा असेल तं सविस्तर कारणं लिहून दावेदाराला कळवायचं. उपविभागीय समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं.

पण बाबांना मिळाला तो तोंडी नकार. तोंडी नकाराला तारीख नसते. तारीखच नाही तं साठ दिवस कुठून मोजायचे? म्हणून माझी विनंती एवढीच. ऑफिसात एकट्याने जाऊ नका. "होत नाही" म्हटलं तं "लिहून द्या" म्हणा. देत नसतील तं आपण अर्ज लिहायचा, तारीख घालायची, पोच घ्यायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आम्ही बारावीवाले लिहू, नाहीतर आमच्या शिक्षणाचा उपयोग काय?

बाबांच्या दाव्याचा अर्ज मी मागच्या महिन्यात दिला. उत्तर आलेलं नाही. पोच खिशात आहे. पुढच्या बैठकीला तुम्ही तुमची पोच घेऊन या. सगळ्या एकत्र लावू अन् मग सगळे मिळून विचारायला जाऊ.

जय सेवा!