आजारी मुलाने शाळेत केव्हा जावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाचे वाण वाटले, भिशीचा हिशेब ठेवला. पण ध्वनिक्षेपकापुढे कधी उभी राहिले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला नदीपलीकडच्या गावी जावे लागे आणि पावसात साकव वाहून जाई, म्हणून वडिलांनी मला घरी ठेवले. तेव्हा भाषण म्हणतात तसे मला येणार नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेवढे सांगा, म्हणजे झाले." तेवढेच सांगते. चुकले तर पदरात घ्या.

आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे की, माझ्या धाकट्या मुलीला २०१६ च्या पावसाळ्यात रक्ताचा कर्करोग झाला. ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. सुरुवातीला नुसते पाय दुखत. रात्री उठून रडे आणि मी तेल चोळून देई. पुढे ताप येऊ-जाऊ लागला, चेहरा पांढराफटक पडला, आणि कुठे पडली-झडली नसता मांडीवर काळेनिळे डाग दिसू लागले. रक्त कमी आहे म्हणून टॉनिक झाले, देवाला गाऱ्हाणे घालून झाले, त्यात महिना गेला. शेवटी रक्त तपासले, आणि त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला, माझ्यासारख्या अडाणी बाईला, समोर बसवून सगळे समजावून सांगितले. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होते. या आजारात तिथे कच्च्या, निकामी पांढऱ्या पेशींचे रान माजते आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून मूल फिकट दिसते, रक्त थांबविणाऱ्या पेशी कमी पडतात म्हणून डाग उठतात, आणि रोगाशी झुंजणाऱ्या पेशी नसतात म्हणून ताप हटत नाही. लहान मुलांत जो प्रकार जास्त आढळतो, तो वेळेवर आणि पुरा उपचार केला तर बहुतेक मुलांत बरा होतो, हेही त्यांनीच सांगितले. पण उपचार अडीच-तीन वर्षांचा.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरत नाही. या आजारावरचे पहिले लागू पडलेले औषध ज्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत तयार झाले, ते शास्त्रज्ञ आपल्या आंध्रातल्या भीमवरमचे, येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४७-४८ साली बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ते औषध मुलांना दिले, आणि हा आजार थोडे दिवस का होईना पहिल्यांदाच मागे हटला. त्याच कुळातली मेथोट्रेक्सेटची गोळी माझ्या मुलीला आठवड्यातून एकदा मिळे. ती गोळी देताना मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करी.

पहिले सात-आठ महिने शाळेचा प्रश्नच नव्हता. सलाइन, पाठीच्या मणक्यातली सुई, उलट्या, तोंडातले व्रण, यांतच दिवस जात. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आम्ही दोघी राहिलो. हे इथे दुकान आणि थोरल्या मुलाला सांभाळीत. खर्चाचा बराचसा भार सरकारी आरोग्य योजनेने उचलला, आणि गाडीभाड्याला आपल्या भिशीने हात दिला. ते मी या जन्मी विसरणार नाही.

एप्रिल २०१७ मध्ये उपचाराचा जड भाग संपला. आता घरी राहून रोज रात्रीची गोळी, आठवड्याची गोळी, आणि महिन्यातून एकदा परळची फेरी. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जूनमध्ये हिचे पहिलीत नाव घाला. काउंट बरा असेल त्या दिवशी शाळेत पाठवा."

भगिनींनो, मला वाटले, यांना काय जाते सांगायला! ज्या मुलीला आठ महिने उकळलेल्या पाण्यावर आणि तोंडाला फडके बांधून जगविली, तिला मी चाळीस शेंबड्या पोरांत नेऊन बसवू? सासूबाईंचेही तेच मत. "आधी जीव, मग शाळा. पोर जगली तर शिकेल." ह्यांचे म्हणणे डॉक्टरांचे ऐकावे असे, पण घरात दोन बायका एका बाजूला झाल्यावर पुरुषाचे किती चालणार? शाळेत जाऊन विचारले, तर मोठ्या बाईंनाही सुटल्यासारखे झाले. त्या म्हणाल्या, "पूर्ण बरी होऊ दे, मग आणा. इथे काही झाले तर जबाबदारी कोणाची?" मी मान डोलावून परत आले. खरे सांगते, मला बरेच वाटले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. समोरून मुले दप्तरे घेऊन जात. ती पडवीत बसून बघे. मग तिने एक खेळ काढला. माझ्या डब्यातल्या सुपाऱ्या ओळीने मांडायच्या आणि हजेरी घ्यायची. एक सुपारी 'हजर' म्हणे, एक सुपारी गैरहजर असे, एकीला छडी मिळे. एकदा मी गमतीने म्हटले, "आणि तुझी गं हजेरी?" ती म्हणाली, "माझं नाव पटावर कुठाय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि विळीवर बसून राहिले. माझी आठवी मला आठवली. मलाही जिवाच्या भीतीनेच घरी ठेवले होते. वडिलांनी केले ते मायेनेच. पण साकव पुढे दरवर्षी बांधला गेला आणि मी काही पलीकडे गेले नाही.

तरीही मी तिचे नाव घातले नाही. माणसाला कळते तितके वळत नाही.

मग गौरी-गणपती आले. कोकणातल्या घरी गणपतीला माणसे येऊ नयेत असे कोण म्हणेल? जाऊबाई पुण्याहून मुलांना घेऊन आल्या. पाच दिवस मुले एकत्र जेवली, एकत्र झोपली. विसर्जन करून ती मंडळी परत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंचा रडत फोन आला: धाकट्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या आहेत. कांजिण्या अंगावर दिसण्याआधी एक-दोन दिवसच त्या दुसऱ्याला लागू शकतात. त्यात जाऊबाईंचा काय दोष?

आपल्या मुलांना कांजिण्या आल्या तर आपण कडुनिंबाचा पाला घालतो आणि आठ-दहा दिवसांत विसरतो. पण हे उपचार चालू असलेल्या मुलाच्या त्या जिवावर उठतात. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते की असे काही कळले तर पुरळ उठायची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. पहिल्या चार दिवसांत उपाय केला तर फार उपयोग होतो. रात्रीच्या गाडीने निघालो, सकाळी परळला हजर. वेळेवर उपाय झाला. पुढचे चार आठवडे मी रोज दिवसातून तीनदा तिचे अंग न्याहाळीत होते. एकही फोड उठला नाही.

त्या वेळी डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही शाळा बंद ठेवलीत. गणपती बंद ठेवता आला का?" त्यांचे म्हणणे मला पटले. दार लावून घेतले म्हणजे मूल सुरक्षित होते, हा माझा भ्रम होता. घरात रोग यायचा तो आलाच. मधल्या काळात शाळा मात्र बुडाली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, आम्ही तिचे नाव घालायला गेलो. पाऊस संपला होता आणि काउंट चांगला होता. मोठ्या बाई पुन्हा कां-कूं करू लागल्या, वर्ष अर्धे संपले म्हणाल्या. या वेळी मी तयारीने गेले होते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आहे; सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्ये आला म्हणून सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. हे मला धर्मशाळेतल्या एका ताईंनी लिहून दिले होते. पण कायदा दाखवून भांडण करायचे नाही, हेही मनाशी ठरविले होते. मुलीला शेवटी त्यांच्याच हाताखाली बसायचे होते. म्हणून कायद्याआधी मी डॉक्टरांचे पत्र पुढे केले. ते पत्र वाचल्यावर त्यांची भीती निम्मी झाली, कारण काय करायचे ते त्यात स्पष्ट होते.

त्यातल्या गोष्टी आपल्यालाही उपयोगी पडतील. अंग गरम लागले तर गोळी देऊन वर्गात बसवायचे नाही, लगेच घरी कळवायचे. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी सांगायचे. पाणी आणि डबा घरचा. खेळायला हरकत नाही, पण दमली तर बसू द्यायचे. महिन्यातले काही दिवस एका औषधामुळे तोंड सुजते, भूक फार लागते, चिडचिड होते. त्या दिवसांत ओरडायचे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

हे शेवटचे इतर पालकांना पटविणे जड गेले. आपल्यातल्याही काहीजणींनी मुलांना आमच्या पडवीत पाठविणे बंद केले होते. मी राग धरला नाही. मला तरी आधी काय ठाऊक होते? वर्गशिक्षिकाबाईंनी एका शनिवारी पालकांना बोलाविले आणि मलाच बोलायला लावले. मी एवढेच म्हटले, "आमचा आजार तुमच्या मुलांना लागत नाही. तुमच्या मुलांची सर्दी मात्र आमच्या मुलीला लागते. तेव्हा भीती तुमची नाही, माझी आहे. तरी मी तिला पाठवते आहे." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. दोघीतिघी तर मुलांना ताप आला की शाळेत न पाठविता आधी मला निरोप धाडू लागल्या.

पहिले पंधरा दिवस ती मधल्या सुट्टीपर्यंतच बसे. डोक्यावर नुकते मऊ केस येत होते, त्यावर सुती रुमाल. पहिल्या दिवशी मी खिडकीबाहेर उभी होते. बाईंनी पटावरून तिचे नाव पुकारले. ती इतक्या मोठ्याने 'हजर' म्हणाली की सगळा वर्ग हसला.

इथे गोष्ट संपती तर सोपे होते. पण जानेवारीत तिला ताप भरला, काउंट अगदी खाली गेला, आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. सासूबाई म्हणाल्या, "सांगत होते मी." त्या रात्री मला झोप नसे. मी चुकले का, एवढाच प्रश्न. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असा ताप शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही येतो, पुष्कळदा स्वतःच्या अंगातल्या जंतूंनीच येतो. शाळेमुळेच आला असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण मुळीच नाही असेही त्या म्हणाल्या नाहीत. आईने तेवढा धोका पत्करलेला असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही.

माझे मन पुन्हा घट्ट केले ते शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने. तिचा मुलगा आठ वर्षांचा, आजार उलटलेला. बरा झाल्यावर शाळा, बरा झाल्यावर शाळा, असे करता करता तो कधी शाळेत गेलाच नव्हता. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, चार दिवस तरी पाठवायला हवा होता." मी परत आले, आठवडाभर घरी ठेवले, काउंट वर आला, आणि मुलीला पुन्हा शाळेत सोडले.

२०१९ च्या सुरुवातीला गोळ्या थांबल्या. पुढे २०२० साली करोना आला, सगळ्यांची शाळा बंद झाली आणि सगळ्या गावाने तोंडाला फडके बांधले. तेव्हा पुष्कळजणींनी मला सांगितले की तुमचे हाल आम्हांला आता कळले.

तेव्हा भगिनींनो, आजारी मुलाने शाळेत केव्हा जावे, याचे माझे उत्तर असे. उपचाराचा जड भाग चालू असेल तेव्हा नाही. तेव्हा घरीच रोज अर्धा तास पाटी-पुस्तक घेऊन बसवावे, म्हणजे सवय मोडत नाही. पुढे आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावे, की आता पाठवू का आणि कोणत्या दिवशी पाठवू नको. मुलाचा आजार कोणता, हृदयाचा की रक्ताचा की आणखी कसला, यावर उत्तर बदलेल. म्हणून शेजारणीचे ऐकून ठरवू नये, माझेही नाही. डॉक्टर 'हो' म्हणाले तर पूर्ण बरे होण्याची वाट बघत बसू नये. अर्ध्या दिवसाने सुरुवात करावी. शाळेला पत्र द्यावे. ज्यांच्या घरी निरोगी मुले आहेत त्यांनी ती तापलेली असताना वर्गात पाठवू नयेत. कोणाच्या तरी आईवर त्याचे मोठे उपकार होतात. आणि नाव मात्र आधी पटावर घालावे.

सासूबाई पुढे तिच्याकडून पोथी वाचून घेऊ लागल्या. २०२४ च्या जूनमध्ये ती आठवीत गेली. पहिल्या दिवशी नव्या पुस्तकांना कव्हरे घालायला मी बसले होते. आठवीची पुस्तके मी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात घेतली. तिला म्हटले, "संध्याकाळी मलाही शिकव." रोज नाही, पण जमेल तेव्हा ती शिकविते. मी उशिरा बसले तर गैरहजर मांडते.