चूल, भट्टी आणि तुरुंग

गुन्हेगारीची चर्चा निघाली की स्त्री अत्याचाराची बळी म्हणून पुढे येते; आरोपी म्हणून आली की चळवळ गप्प बसते. देशातील कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे चार टक्के. संख्या लहान म्हणून प्रश्नही लहान ठरत नाही.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यावरच्या वृत्तपत्री गदारोळाला विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. विधवेला पुनर्विवाह नाकारणारे कुटुंब त्या खटल्यात आरोपी नव्हतेच.

गोंदियात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात उन्हाळा लागताना पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बहुतांशी बायाच. फूल वाळवणे, भिजवणे, सडवा राखणे हे सारे घरकामातच मोजले जाते, म्हणजे मोजलेच जात नाही. धानाची रोवणी आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता सोडला तर रोख पैशाचे काम थोडे. विडी वळून मिळणारी मजुरी तुटपुंजी. मुलांची वह्यापुस्तके, म्हातारीचे औषध यांची तजवीज मात्र बाईनेच करायची. मग भट्टी लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टी गाळणे हा गुन्हा आहे. छापा पडतो घरावर, मडके सापडते चुलीशेजारी, आणि चुलीशेजारी कोण असते हे सांगायला पंचनामा लागत नाही. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, ती त्या एका दिवशी घराची मालकीण ठरते!

जामिनाला ऐपतदार माणूस हवा, म्हणजे पुन्हा सातबारा. सासरने पाठ फिरवली की माहेरही कचरते. पुरुष कैद्याला डबा घेऊन भेटायला येणारी बायको असते, स्त्री कैद्याला तसे कोणी क्वचितच. सहा वर्षांखालचे मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. त्याहून मोठी भावंडे घरी कोणाच्या भरवशावर, हे कोणत्याही निकालपत्रात येत नाही. न्या. कृष्ण अय्यर समितीने स्त्री कैद्यांची दैना १९८७ सालीच सरकारपुढे मांडली होती.

कुटुंब स्त्रीला गुन्ह्यात केवळ लोटत नाही, कधी त्यात अधिकारही देते. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू निर्दोष नव्हे. पण जिला आयुष्यभर स्वयंपाकघराखेरीज कुठे सत्ता मिळाली नाही, ती सत्ता तिथेच गाजवते. १९८३ साली आलेल्या ४९८-अ कलमाने शिक्षा आणली, ही व्यवस्था मोडली नाही.

शेजारच्या गडचिरोलीत स्त्रियांच्या रेट्यामुळे १९९३ साली दारूबंदी झाली. ती मागणी रास्तच होती. दारूचा मारही बाईच खाते. परंतु भट्टी फोडणारी आणि भट्टी लावणारी बहुधा एकाच टोल्यात राहतात. म्हणून जी शाखा भट्टीविरुद्ध मोर्चा नेईल, तिने त्याच आठवड्यात पकडलेल्या बाईसाठी जामीनदार उभा करावा, आणि टोल्यातील स्त्रियांचा कामाच्या मागणीचा अर्ज सह्या-अंगठ्यांसह तहसील कचेरीत द्यावा.